वाळूची पिशवी आणि केसभर नेम

पन्नास मीटर रायफल स्पर्धेत लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर एक मीटर धरले, तर ते तोंड केसभर, ०.१ मिलिमीटर, हलले तरी गोळी लक्ष्यावर ५ मिलिमीटर सरकते. मध्यावरचा नेम थेट वर्तुळाच्या काठावर जातो! एवढी हालचाल तर श्वासाने आणि नाडीच्या ठोक्यानेही होते. मग गोळी भरकटली ती हातामुळे, की रायफलीची माशी, म्हणजे नेम धरायची खूणच, नीट जुळवलेली नाही? हे समजायचे तर हाताचा कंप बाजूला काढावा लागतो. त्यासाठी नेमबाज रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवतात.

पण वाळूच का? लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवलेली रायफल बार उडताच उसळते. फोम दबतो आणि पुन्हा वर ढकलतो. वाळू यातले काहीच करत नाही. धक्का बसला की हजारो कण एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात धक्क्याची ऊर्जा जिरून जाते.

दुसरा गुण गुहागरच्या किनाऱ्यावर पाहता येतो. ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५मध्ये याचा उलगडा केला. दाटीने बसलेल्या कणांना सरकायचे तर एकमेकांवर चढावे लागते, त्यामुळे मधल्या फटी रुंदावतात आणि पाणी आत ओढले जाते. म्हणजे घट्ट बसलेली वाळू सरकताना फुगते. पिशवीत मात्र कापड तिला फुगू देत नाही. कापड ताणले जाते, कण आणखी आवळले जातात. म्हणून हाताने चेपली की हवा तो आकार घेणारी पिशवी रायफलीच्या भाराखाली दगडासारखी स्थिर राहते.

ही पिशवी घरी सहज होते. रायफलीखाली पुढे एक आणि मागे एक, अशा दोन लागतात. जुन्या जीन्सच्या पायाचा तुकडा कापा, एक तोंड दुहेरी शिवणीने बंद करा. नदीची वाळू चाळून, धुवून, उन्हात खडखडीत वाळवा. धुतल्याने बारीक धूळ जाते. ती शिवणीतून गळते आणि फुप्फुसांनाही घातक असते. समुद्राची वाळू नको. तिच्यातले मीठ हवेतला ओलावा धरते आणि पोलादाला गंज चढवते. वाळू आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, मग ती जीन्सच्या पिशवीत घालून दुसरे तोंड शिवा. तीन लिटर वाळूचे वजन पाच किलोच्या आसपास भरते. पुढच्या पिशवीला तेवढे पुरे. मागची पिशवी मुठीत दाबता येईल इतकी लहान हवी. ठासून भरू नका, नाहीतर रायफलीला बसायला खोबणच पडणार नाही.

पुढची पिशवी नळीखाली कधीच ठेवायची नाही. गोळी सुटताना नळी थरथरते आणि खालून दाब आला की त्या थरथरीची तऱ्हा बदलते. टेकू द्यायचा तो चापाच्या पुढच्या लाकडी भागाला. मागची पिशवी दस्त्याखाली. ती हळूच दाबली की कण वर सरकतात, दस्ता उचलला जातो आणि नळीचे तोंड किंचित झुकते. नेम असा बोटांच्या दाबाने जुळवता येतो.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने गोळ्या झाडतात. तिथे रायफलीला पिशवीचा आधार चालत नाही. पिशवीचे काम सरावाच्या मैदानावरचे, निदानाचे. तिच्यावरून झाडलेल्या पाच गोळ्या एकाच जागी, पण मध्यापासून दूर लागल्या, तर माशी जुळवा. पिशवीवर जमलेला तो पुंजका पिशवी काढताच विखुरला, तर रायफल निर्दोष आहे. घडवायचा आहे तो आपला श्वास आणि आपला हात.