मोटारीवरची धूळ : पुसावी की धुवावी?

शहरातल्या रस्त्यांवर सकाळी एक दृश्य हमखास दिसते. उभ्या मोटारीवर साचलेली धूळ कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली जात असते. पाच मिनिटांत मोटार लख्ख! मात्र वर्षा-दोन वर्षांत त्याच मोटारीचा रंग निस्तेज दिसू लागतो. असे का बरे व्हावे? उत्तर त्या धुळीतच दडलेले आहे.

रस्त्यावरच्या धुळीत खडकांचा बारीक भुगा भरपूर असतो. कोणते खनिज कोणत्या खनिजावर ओरखडा काढते, हे पाहून फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली काठिण्यश्रेणी तयार केली. तीत सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १, तर हिऱ्याला १० हा अंक आहे. वाळूतल्या गारगोटीचा अंक ७ आणि आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात विपुल असणाऱ्या फेल्डस्पारचा ६. चाकूचे पोलाद साडेपाचाच्या आसपास येते. मोटारीचा रंग याहून कितीतरी मऊ, आणि त्याच्या साऱ्या थरांची मिळून जाडी सुमारे दशांश मिलिमीटर. तेव्हा धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिशपेपर घासण्यासारखेच झाले. रंगावर केसासारखे ओरखडे उठतात. त्यांवर पडलेला प्रकाश एका दिशेने परावर्तित न होता चहूकडे विखुरतो आणि चकाकी जाते.

कच्च्या रस्त्यावरून आलेल्या एस.टी.ची पाठ सर्वांत मळकट असते, हे तुम्ही पाहिले असेल. धावती गाडी हवा बाजूला सारते. त्यामुळे तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो व तेथे भोवरे निर्माण होतात. चाकांनी उडवलेली धूळ या भोवऱ्यांत सापडून मागच्या काचेवर येऊन बसते.

चिखल याहून घातक. मडगार्डच्या आत अडकलेला चिखल ओल धरून ठेवतो. रंग जेथे खरवडला असेल तेथे लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र येतात व गंज चढू लागतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने तो भोवतालचा रंग उचलतो, आणि नवे लोखंड उघडे पडते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते, कारण मीठ विरघळलेले पाणी विजेचे चांगले वाहक असते आणि गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे.

मग मोटार कशी धुवावी? प्रथम पाणी ओतून कण सैल करून वाहू द्यावेत. या वेळी फडके लावू नये. नंतर सौम्य डिटर्जंटचे पाणी घ्यावे. डिटर्जंटच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलाकडे ओढ घेते. त्यामुळे रस्त्यावरचा तेलकट मळ सुटून पाण्याबरोबर निघून जातो. टपापासून सुरुवात करून खाली यावे, कारण सर्वांत जास्त वाळू खालच्या भागात असते. फडके पिळायला स्वच्छ पाण्याची दुसरी बादली हवी. हे काम सावलीत करावे. उन्हात पाणी चटकन वाळते आणि त्यातील क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. नळी सोडून ठेवण्याची गरज नाही. दोन-तीन बादल्या पुरतात.

हे सारे तुम्हीही पडताळून पाहू शकता. रंगवलेल्या जुन्या पत्र्याच्या डब्याचे झाकण घ्या. त्यावर बारीक वाळू पसरा. एक अर्धा भाग कोरड्या फडक्याने पुसा. दुसऱ्या भागावरची वाळू आधी पाण्याने वाहवून टाका व मग ओल्या फडक्याने पुसा. आता झाकण उन्हात तिरपे धरा. कोणत्या भागात प्रकाश विखुरलेला दिसतो?

त्याचबरोबर दोन चकचकीत खिळे घ्या. एक ओल्या मातीत पुरा, दुसरा कोरडा ठेवा. माती रोज थोडी ओली करा आणि आठ दिवसांनी दोन्ही खिळे शेजारी ठेवून पाहा. मडगार्डच्या आत, नजरेआड काय चालते ते तुम्हाला कळेल.