मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने: हवामानाविषयीचे गैरसमज

मुंबई ते गोवा हे समुद्रमार्गे अंतर सुमारे २२० सागरी मैल आहे. ५ नॉट वेगाने जाणाऱ्या शिडाच्या बोटीला त्यासाठी जवळपास दोन दिवस लागतात. म्हणून नांगर उचलतानाच्या हवेपेक्षा पुढच्या दोन दिवसांची आणि मुक्कामाच्या बंदराची हवा महत्त्वाची ठरते.

गैरसमज १: नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो.
वस्तुस्थिती: नारळी पौर्णिमेला मासेमारीचा पारंपरिक हंगाम सुरू होतो, पावसाळा मात्र संपलेला नसतो. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे महिने. २०१७ मध्ये ओखी वादळात सापडलेल्या केरळच्या कित्येक नौकांनी थेट सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आसरा घेतला, तो डिसेंबरमध्येच. पहिल्या सफरीसाठी जानेवारी ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा.

गैरसमज २: पहाटे वारा पडलेला असला की दिवस चांगला जातो.
वस्तुस्थिती: पहाटे जमिनीवरून मंद मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा जोर धरतो आणि संध्याकाळपर्यंत लाटा वाढतात. अंदाज पाहायचा तो दुपारचा.

गैरसमज ३: दीड मीटर लाटांचा अंदाज असेल, तर त्याहून मोठी लाट येत नाही.
वस्तुस्थिती: हैदराबादच्या ‘इन्कॉइस’सारख्या संस्थांच्या अंदाजातला आकडा सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असतो. एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे तीन मीटरची असू शकते.

गैरसमज ४: हवा बिघडली तर मागे फिरता येते.
वस्तुस्थिती: १५ नॉटचा वारा पाठीमागून असताना ५ नॉटने चाललेल्या बोटीवर तो १० नॉटचाच भासतो. इंजिनावर त्याच वेगाने उलट फिरल्यास तो २० नॉटचा होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो चौपट होतो. शिवाय लाटाही समोरून येतात. म्हणून वाटेत थांबता येतील अशी जयगड, देवगड यांसारखी बंदरे आधीच ठरवावी लागतात.

गैरसमज ५: खाडी दिसली की धोका टळला.
वस्तुस्थिती: कोकणातील अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात. ओहोटीचे पाणी बाहेर पडताना समोरून लाटा आल्या, तर त्या दांड्यावर उभ्या राहून फुटतात. अशा खाडीत भरतीच्या पाण्यावर आणि दिवसाउजेडीच शिरावे. तोवर किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात थांबणे अधिक सुरक्षित असते.