अक्षरे हळूहळू कशी विरतात

आपले नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. रेडिओवर भाषणाआधी वाजणारे संगीत आपण ऐकताच. ते झटकन तुटत नाही. तंत्रज्ञ हळूहळू आवाज उतरवतो, सूर मंदावतो आणि मग वक्ता बोलू लागतो. संगणकाच्या पडद्यावर अक्षरांचेही असेच करता येते. मौद्याच्या शाळेतला पाचवीतला मुलगाही ते करू शकेल, कसे ते पाहू.

यासाठी स्क्रॅच ही भाषा घ्यावी. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलांसाठी तयार केली व २००७ साली सर्वांना खुली केली. पैसे पडत नाहीत, आणि एकदा संगणकात बसवून घेतली की इंटरनेट नसेल त्या दिवशीही चालते. तिच्यात आज्ञा टंकायच्या नसतात. रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवायचे असतात.

आता अक्षर विरते म्हणजे काय होते? ते जागचे हलत नाही, लहानही होत नाही. कन्हानच्या काठी थंडीत धुके दाटले की पलीकडचे झाड तिथेच असते, पण धुक्याचा रंग त्याच्यात मिसळत जातो. तसेच हे. स्क्रॅचमध्ये ‘घोस्ट’ नावाचा एक परिणाम आहे. घोस्ट म्हणजे भूत. नाव मुलांना फार आवडते! त्याचा आकडा ० असला की अक्षर पूर्ण दिसते, १०० झाला की मुळीच दिसत नाही. ४० असला तर ६० भाग अक्षराचा रंग आणि ४० भाग मागच्या पडद्याचा. म्हणून पांढऱ्यावरचे काळे अक्षर आधी करडे होते, मग फिके, मग नाहीसे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण नवशिका इथेच अडतो. ‘से’ नावाच्या ठोकळ्यातून चित्र बोलते आणि फुग्यात शब्द उमटतात. घोस्ट लावले तर चित्र विरते. फुगा मात्र तसाच राहतो. तेव्हा शब्द हाच एक चित्र म्हणून काढावा. चित्रकलेच्या पाटीवर ब्रशाने ‘धान’ लिहिले तरी पुरे.

मग ठोकळे असे लावा. वर हिरव्या झेंड्याचा. त्याखाली घोस्ट ० वर ठेवण्याचा. मग तीन सेकंद थांबण्याचा. त्यानंतर ‘रिपीट’, म्हणजे तेच ते पुन्हा करण्याचा ठोकळा. त्यात २० लिहा, आणि त्याच्या पोटात घोस्ट ५ ने वाढवण्याचा व ०.१ सेकंद थांबण्याचा, असे दोन ठोकळे घाला. वीस पंचे शंभर. हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा.

पोटातला थांबा गाळला तर? स्क्रॅच सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या मारते, म्हणजे वीस फेऱ्या एका सेकंदाच्या आतच आटोपतात. पोरगं पाहायला लागेस्तोवर शब्द गेला! थांबा ठेवला की दोन सेकंदांहून थोडे अधिक मिळतात. आणखी सावकाश हवे असेल तर २ ने वाढवून फेऱ्या ५० करा. मग पाच सेकंदांहून जास्त वेळ लागतो.

हा वेळ शोभेचा नाही. वर्गात एखादी मुलगी अक्षर अक्षर जुळवून वाचते. तिच्या तोंडी शब्द पुरा येण्याआधी तो विरला, तर ती पडद्याकडे पाहणेच सोडते. म्हणून माझ्या मते आधी पूर्ण दिसण्याचा थांबा वाढवावा, विरण्याचा नव्हे. अर्धवट फिके अक्षर वाचायला सर्वांत कठीण. ‘ध’ आणि ‘घ’ तिथे सारखेच दिसू लागतात. तीन सेकंदांऐवजी सहा ठेवा, आठ ठेवा. वर्गातल्या सर्वांत सावकाश वाचणाऱ्याला मोठ्याने वाचायला सांगून आकडा ठरवावा.

याचा शुद्धलेखनाला चांगला उपयोग होतो. शब्द पुरता विरला की मुलांनी तो वहीत लिहायचा. लिहून झाल्यावर तोच शब्द पुन्हा उमटवायचा असेल, तर दुसरे रिपीट लावा आणि ५ च्या जागी उणे ५ लिहा. घोस्ट १०० वरून ० कडे येते, आणि ज्याचे त्याला आपले शुद्धलेखन ताडून पाहता येते.