आज्ञांच्या द्वारे सर्व्हर-समूहाची रचना

एका संगणकयंत्राच्या ठिकाणी अनेक स्वतंत्र यंत्रांचा आभास निर्माण करणे यास आभासीकरण म्हणतात. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही या प्रकारची प्रणाली चालू झाली. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात सिद्ध झालेल्या ‘झेन’ प्रणालीचे वर्णन २००३ साली प्रसिद्ध झाले. तिच्यावर आधारलेल्या ‘एक्ससीपी-एनजी’ या मुक्त प्रणालीत अनेक सर्व्हरांचा समूह कसा बांधतात, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. इंग्रजीत या समूहास ‘पूल’ म्हणतात. परंतु मराठीत त्या शब्दाने नदीवरील सेतूचा बोध होत असल्यामुळे येथे ‘समूह’ हाच शब्द योजला आहे.

भाषाभ्यासाशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी व नागपुरी या बोलींचा विचार झाला आहे. वर्धा जिल्ह्यासारख्या प्रदेशातील बोलींची ध्वनिमुद्रणे आज जमवावयाची, तर ती ज्या यंत्राच्या आश्रयाने राहतील ते बंद पडल्यास काय करावे, हे आधी ठरविले पाहिजे. वृद्ध वक्ता निवर्तल्यावर त्याचे बोलणे पुन्हा टिपता येत नाही.

समूहात यावयाच्या सर्व यंत्रांवर प्रणालीची आवृत्ती एकच असावी, त्यांचे प्रोसेसर एकाच कंपनीचे असावेत, प्रत्येकाचा पत्ता स्थिर असावा व घड्याळे जुळलेली असावीत. प्रत्येक यंत्र मुळातच एका सभासदाचा समूह असते. म्हणून पहिल्या यंत्रास केवळ नाव द्यावयाचे असते. तेच समन्वयक होय. दुसऱ्या यंत्रावर बसून ‘एक्सई पूल-जॉइन’ ही आज्ञा द्यावी व तीत समन्वयकाचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द लिहावा. त्या वेळी या यंत्रावर एकही आभासी यंत्र चालू असता कामा नये. नंतर ‘एक्सई एसआर-क्रिएट’ या आज्ञेने सर्वांना सामायिक असे साठवणस्थान जोडावे.

या आज्ञांची घडण लक्षणीय आहे. त्यांत बहुधा नाम आधी व क्रियापद नंतर येते. म्हणजे इंग्रजी शब्द असूनही क्रम मराठी वाक्याचा आहे.

सामायिक साठवण असली म्हणजे ‘एक्सई व्हीएम-मायग्रेट’ या आज्ञेने चालू आभासी यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येते. वर्ध्याच्या कडक उन्हाळ्यात एखाद्या यंत्राचा पंखा बदलावा लागला, तरी काम खंडित होत नाही.

समन्वयकच बंद पडला तर इतर सर्व्हरांवरील आभासी यंत्रे चालूच राहतात. समूहाचे नियंत्रण मात्र थांबते. अशा वेळी एखाद्या सभासदावर ‘एक्सई पूल-इमर्जन्सी-ट्रान्झिशन-टू-मास्टर’ ही आज्ञा देऊन त्यास समन्वयकपद द्यावे व ‘एक्सई पूल-रिकव्हर-स्लेव्ह्ज’ या आज्ञेने उरलेल्यांस त्याची ओळख पटवावी.

दोन गोष्टी विशेष ध्यानात घेतल्या पाहिजेत. ‘एक्सई पूल-इजेक्ट’ या आज्ञेने सभासद केवळ बाहेर पडत नाही, तर त्याच्या स्वतःच्या डिस्कवरील सामग्रीही पुसली जाते. दुसरे असे की, समूह म्हणजे प्रत नव्हे. सामायिक साठवणच नष्ट झाली तर सर्व सर्व्हर शाबूत असूनही संग्रह हातचा जातो. तेव्हा ध्वनिमुद्रणांची एक प्रत समूहाबाहेर, निराळ्या इमारतीत ठेवणे अवश्य आहे. समूहामुळे कामाचे सातत्य टिकते. संग्रहाचे रक्षण मात्र अशा निराळ्या प्रतीनेच होते.