ठिपका दिसेनासा होतो तेव्हा

किनवटपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी आमच्या गावातल्या एका मोबाइलवर रोज सकाळी अरबी समुद्राचा नकाशा उघडतो. माझा एक जुना विद्यार्थी तेलवाहू जहाजावर नोकरीला आहे, आणि त्याची अम्मी चहाच्या आधी त्याच्या जहाजाचा ठिपका शोधते. जहाज खोल समुद्रात गेले की ठिपका जागच्या जागी थांबतो आणि घरात कुणाला घास उतरत नाही. ही फिक्र बहुतेक वेळा अनाठायी असते.

आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या मोठ्या जहाजांवर ‘एआयएस’ नावाचे यंत्र सक्तीचे आहे. चालते जहाज दर काही सेकंदांनी आपली जागा, वेग आणि दिशा रेडिओवरून सांगत असते. किनाऱ्यावरच्या अँटेनाला ते साधारण 70-80 किलोमीटरपर्यंतच ऐकू येते. त्यापुढे उपग्रह ऐकतात. पण ती माहिती बहुधा पैसे भरणाऱ्यांना मिळते. म्हणजे फुकटच्या नकाशावर ठिपका थांबला, तर बहुतेकदा ऐकणारा जवळ नाही एवढेच. पोहोचण्याचे बंदर मात्र जहाजावरचा माणूस हाताने भरतो, त्यात चूक राहते किंवा जुनेच नाव तसेच राहून जाते.

मुलगा ज्यावर आहे तसले जहाज केवढे असते? लांबी साधारण 330 मीटर, रुंदी 60 मीटर. पोटात सुमारे 20 लाख पिंपे, म्हणजे जवळपास 32 कोटी लिटर कच्चे तेल. नांदेड रस्त्यावरचा टँकर 20 हजार लिटरचा धरला, तर असे सोळा हजार टँकर! सांभाळणारी माणसे पंचवीसच्या आसपास, आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटर, आपल्या एसटीपेक्षाही कमी. भरलेले जहाज पाण्यात वीस मीटरहून अधिक बुडते. म्हणून गुजरातेत वाडीनारजवळ ते किनाऱ्यापासून दूर, तरंगत्या बोयाला बांधून नळीने रिकामे करतात. ठिपका भर समुद्रात उभा दिसला तर घाबरू नये, ते याचसाठी.

ठिपका खोटेही बोलतो. जून 2025 मध्ये इराण-इस्राएल संघर्षाच्या काळात होर्मुझजवळ जीपीएसमध्ये अडथळे आले आणि अनेक जहाजे नकाशावर भलतीकडेच दिसू लागली. उलट, 2011 साली ओमानजवळ बंद पडून खलाशांनी सोडलेला ‘पवित’ हा छोटा टँकर सुमारे महिनाभर वाहत राहिला आणि 31 जुलैला थेट मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर येऊन रुतला. वीज नाही तर यंत्र मुके.

जहाजाचे नाव, मालक, झेंडा बदलतो. सात अंकी आयएमओ क्रमांक बदलत नाही. पहिल्या सहा अंकांना क्रमाने 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणून बेरीज केली, की तिचा शेवटचा अंक हाच सातवा अंक. 9074729 घ्या: बेरीज 139 येते. (वर्गात मुलांना हे गणित फार आवडते.) मुलगा जहाजावर चढण्याआधी हा क्रमांक, भरती करणाऱ्या कंपनीचा परवाना क्रमांक आणि तिचा चोवीस तास चालणारा फोन वहीत लिहून घ्यावा. ठिपका हरवला तर आधी त्या फोनवर विचारावे. तिथून उत्तर मिळाले नाही, तर मुंबईचे नौवहन महासंचालनालय आहे. तिथे जहाजाच्या नावापेक्षा हा क्रमांक सांगितलेला बरा.