मालमोटारीचा दुहेरी रंग : चकाकी कोठें, मंदपणा कोठें

पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे उमटवितात आणि शिंगें वॉर्निशानें चकचकीत करितात. एकाच जनावरावर एक रंग मंद व दुसरा तुकतुकीत, हा साज आपल्या शेतकरी वर्गास कांहीं नवा नाहीं. आतां जळगांव-धुळ्याकडील कित्येक बागायतदारांच्या दारीं स्वतःची मालमोटार उभी असते, आणि तिचा एक भाग चकाकीचा व दुसरा बिनचकाकीचा, म्हणजे रंगारी ज्यांस ‘ग्लॉस’ व ‘मॅट’ म्हणतात तसा, करून घेण्याची हौस पुष्कळांस असते. हौसेस आमचा विरोध नाहीं. परंतु रंग हा मोटारीचा केवळ दागिना नव्हे. तो पत्र्याची कातडी आहे. कोणत्या भागास कोणती कातडी घालावयाची, हें केवळ डोळ्यांच्या आवडीवर सोपविलें तर दोन-तीन पावसाळ्यांत सर्व खर्च वायां जातो.

या दोहोंतील भेद प्रथम समजून घेतला पाहिजे. चकाकीच्या रंगांत तेल किंवा राळ इतकी भरपूर असते कीं रंगद्रव्याचे कण तींत पूर्णपणें बुडून जातात, आणि वाळल्यावर पृष्ठभाग कांचेसारखा सपाट होतो. मॅट रंगांत रंगद्रव्याचें प्रमाण वाढवून अथवा सिलिकेची अति बारीक भुकटी घालून पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेविलेला असतो. त्यावर पडलेला प्रकाश चोहोंकडे विखुरतो, म्हणून तो मंद दिसतो. त्याचा गुण हा, आणि दोषही हाच. त्या सूक्ष्म खळग्यांत धूळ, ऑइल व चीक शिरून बसतात. ते काढण्यासाठीं जोरानें घासावें तर तेवढाच पट्टा चमकूं लागतो. चकाकीच्या रंगावरील ओरखडा पॉलिशानें बुजवितां येतो. मॅटवरील ओरखड्यासाठीं बहुधा तो सबंध पत्राच पुन्हां रंगवावा लागतो.

आतां आपल्याकडील वाहतूक पाहूं. रावेर, यावल, सावदा या बाजूची केळी हा इकडील मुख्य माल. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. या केळीच्या घडाच्या कापलेल्या दांड्यांतून गळणारा चीक वाळला कीं काळा पडतो व कपड्यावरूनही निघत नाहीं, हें बागेंत राबणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. परतीच्या खेपेस रासायनिक खताच्या गोणी येतात. त्यांचा क्षार ओलाव्याशीं मिळून पत्रा खातो. म्हणून फाळके, बाजूचे पत्रे, दरवाजांचा खालचा भाग व चाकांवरील कमानी, म्हणजे जेथें माल घासतो, चिखल उडतो व पाण्याचा मारा करावा लागतो, तेथें चकाकीचाच रंग असावा. केबिनचा टपही चकाकीचा व शक्यतो पांढरा ठेवावा. उन्हाळ्यांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळीं काळ्या टपाखालीं बसणाऱ्या चालकाची स्थिति काय होत असेल, याचा मालकानें विचार करावा.

मग मॅटला जागा कोणती ? आमच्या मतें चालकाच्या दृष्टीसमोरील. सुरत-नागपूर हमरस्ता, जो पूर्वीं क्रमांक ६ चा होता व आतां ५३ चा आहे, तो धुळें-जळगांव भागांत बहुतांशीं पूर्वपश्चिम जातो. सायंकाळीं जळगांवहून धुळ्याकडे निघालेल्या चालकाच्या तोंडावर सारखा सूर्य असतो. त्यांत पुढील बॉनेट चकाकीचें असेल तर खालूनही तिरीप डोळ्यांत शिरते. जुन्या नाकाड्या मालमोटारी व हल्लींच्या लहान पिकअप गाड्या यांचें बॉनेट मॅट केल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. ज्यांचें तोंड सपाट आहे त्यांस बॉनेटच नसतें. तेथें कांचेच्या आंतील फळीचा वरचा भाग मंद ठेवावा, आणि बाहेर मॅटचा एखादा उंचावरचा पट्टा हौसेपुरता द्यावा.

कामाचा हंगाम निवडणें हें रंगाच्या डब्यापेक्षां महत्त्वाचें आहे. वैशाखांत फवाऱ्यांतील थिनर पत्र्यावर पोंचण्याच्या आधींच उडून जातो व चकाकीच्या जागीं संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत पूड बसते. पावसाळ्यांत दमट हवेनें लॅकर जातीच्या रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. दिवाळीच्या सुमारास हवा चांगली असते खरी, पण तेव्हां कापसाच्या खेपा जोरांत असतात; मोटार उभी ठेवणें परवडत नाहीं, आणि जिनिंगच्या आसपास उडणारी रुई ओल्या रंगावर चिकटते ती वेगळीच. कापसाची घाई ओसरल्यावर, फेब्रुवारींत, उन्हें चढल्यापासून दुपारपर्यंतचा वेळ आम्हांस सर्वांत सोईचा वाटतो.

रंगाऱ्याकडून काम करून घेतांना मालकानें तयारीवर नजर ठेवावी. बिघाड बहुधा तेथेंच होतो. प्रथम ऑइल-ग्रीस धुऊन काढावें. गंज केवळ वरवर न खरवडतां स्वच्छ धातु लागेपर्यंत काढावा व त्याच दिवशीं रेड ऑक्साइडचा हात द्यावा, कारण उघडा पत्रा रात्रभर राहिला तर पुन्हां गंजूं लागतो. लांबी पातळ थरांनीं भरावी. ती ओल्या पॉलिश-कागदानें घासून हाताला सांधा लागेनासा झाला म्हणजे अस्तराचा रंग द्यावा. मॅटमध्यें खड्डे लपतात असा समज आहे; तो अंशतः खरा आहे, पण घासकागदाचे खोल ओरखडे त्यांतूनही दिसतात.

क्रमाविषयीं एक गोष्ट विसरूं नये. चकाकीचा भाग आधीं पुरा करावा, मॅट शेवटीं. चिकटपट्टी मॅटवर लाविली तर तिचा डाग पडतो व तो पॉलिशानें काढतां येत नाहीं. चकाकीवरील डाग मात्र निघतो. साधें एनॅमल जवसासारख्या वाळणाऱ्या तेलापासून केलेल्या राळेचें असतें व हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश कठीण होतें, म्हणून पट्टी लावण्यापूर्वीं त्यास आठवडाभर तरी द्यावा. हार्डनर मिसळून लावावयाचे रंग लवकर कठीण होतात. मॅटच्या डब्यांत भुकटी तळाशीं बसते. ती वारंवार ढवळली नाहीं तर एक दरवाजा मंद व दुसरा अर्धवट चमकता निघतो. शेवटचा हात एका पत्र्यावर मध्यें न थांबतां द्यावा, व रंग पुरता कठीण होण्याच्या आधींच पट्टी तिरपी मागें ओढून काढावी, म्हणजे रेघ कोरीव येते.

कायद्याचेंही भान ठेवावें. मोटारीचा रंग नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. मूळ रंग बदलणें असेल तर आधीं परिवहन कार्यालयांत विचारावें. मॅटमध्यें लष्करी हिरवा रंग अनेकांस मोहवितो, पण तो संरक्षण खात्याच्या वाहनांवांचून इतरांस मना आहे. मागील तांबड्या, बाजूच्या पिवळ्या व पुढील पांढऱ्या परावर्तक पट्ट्यांवर रंगाचा थेंबही जाऊं देऊं नये. मागील फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्रांत २०१५ पासून बंदी आहे, हें रंगाऱ्यास आधींच सांगावें. त्याचा हात संवयीनें तिकडे वळतो.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. मालमोटारींवरील जुन्या पिवळ्या व नारिंगी रंगांत शिशाचें क्रोमेट पुष्कळदां असतें. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांवर असूं नये असा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. वाहनांचे रंग त्याच्या कक्षेबाहेर राहिले. आपल्याकडे कित्येकजण मोटार खळ्यांतच उभी करून जुना रंग खरवडतात. त्या पापुद्र्यांवर वासरें जीभ लावितात. शिशाचा रंग चाटून जनावरें आंधळीं होणें, दांत खाणें, झटके येऊन मरणें हे प्रकार पशुवैद्यांस चांगले परिचित आहेत. म्हणून हें काम गोठा, कडबा व विहीर यांपासून दूर, खालीं ताडपत्री अंथरून करावें. रंग सुका न घासतां ओला घासावा, व पापुद्रे झाडून उकिरड्यावर न टाकतां डब्यांत बंद करावे. उकिरड्याचें खत शेवटीं शेतांतच जातें. हार्डनरच्या फवाऱ्यानें रंगाऱ्यास दमा जडतो. साधा रुमाल त्यास पुरत नाहीं, योग्य मुखवट्याचा खर्च मालकानें मजुरींत धरावा. लहान मुलांस त्या दिवशीं खळ्यांत येऊं देऊं नये, आणि रिकामा डबा धुऊन पेंड भिजविण्यास घेऊं नये.