काचेवरची अक्षरे

इतिहास म्हटला की आपल्याकडे किल्ले, ताम्रपट आणि नाणी एवढेच डोळ्यांपुढे येते. नित्य वापरातील वस्तूंना त्या पंक्तीत पाट मांडला जात नाही. सोडावॉटरची गोटीची बाटली ही अशीच एक उपेक्षित वस्तू. जुन्या बाजारात ती भावाने विकली जाते. परंतु तिच्या अंगावरील अक्षरे वाचण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो.

वस्तुतः ही बाटली म्हणजे एका बिकट प्रश्नाचे उत्तर होय. जोसेफ प्रिस्टलीने १७६७ मध्ये पाण्यात वायू मिसळण्याची युक्ती शोधली आणि १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेपने तिचा धंदा उभारला. पण कोंडलेला वायू आवरावा कसा? लाकडी बूच सुकले की आकसते आणि वायू निसटतो. म्हणून गोल बुडाच्या बाटल्या निघाल्या. त्या आडव्याच ठेवाव्या लागत आणि बूच ओले राही. इंग्लंडमधील हायरम कॉडने १८७२ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या बाटलीत बुचाच्या शत्रूलाच पहारेकरी नेमले. बाटली उलटी धरून भरली की गोटी मानेकडे उतरते आणि आतला दाबच तिला रबरी कड्यावर घट्ट बसवितो. पेय ओतताना मानेतील खाच गोटीला अडवून धरते.

पुढे १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटरने पत्र्याच्या झाकणाचे पेटंट घेतले आणि इंग्लंडमधून गोटी हळूहळू हद्दपार झाली. भारतात व जपानात मात्र ती आजही टिकून आहे. त्यामुळे आपल्याकडे केवळ आकारावरून बाटलीचे वय ठरविणे धोक्याचे ठरते. रंगही फसवा असतो. वाळूतील लोहामुळे काचेला येणारी हिरवट झाक नव्या काचेतही आढळते. साध्या बाटलीत साच्याची सांधरेषा ओठाखालीच थांबली असेल, तर ओठ बहुधा हाताने घडविलेला असतो. रेषा थेट कडेपर्यंत गेली असेल, तर ते १९०३ च्या सुमारास आलेल्या ओवेन्सच्या स्वयंचलित यंत्राचे किंवा त्याच्या वंशजांचे काम समजावे. खरी साक्ष देतात ती उठावाची अक्षरे. सोडा भरणाऱ्याचे नाव, गावाचे नाव, आणि कधी बुडाशी काच ओतणाऱ्या कारखान्याचे चिन्ह. डॅन रायलँड्स आणि बार्न्सली ही नावे दिसली, तर बाटलीचे माहेर यॉर्कशरमध्ये आहे हे निश्चित.

मुंबईत १८८९ मध्ये निघालेल्या ड्यूकसारख्या मोठ्या कंपनीची आठवण तिच्या पेयांनी जागती ठेवली. लहान गावातील सोडा कारखान्याच्या मागे ना दप्तर उरते, ना छायाचित्र. काचेवरची ती एक ओळच कधीकधी त्याचा अखेरचा पुरावा असते. गोटीसाठी बाटली फोडणारे मूल अजाण असते. परंतु ती कोठे सापडली याची नोंद न करता दूरच्या ग्राहकाला विकणारा जाणता मनुष्यही त्या पुराव्याचा अर्धा भाग नष्टच करतो.

या कामी मोठ्या द्रव्याची गरज नाही. बाटली कोणत्या गावी, कोणाच्या घरी वा कोणत्या खणतीत मिळाली ते लिहावे. अक्षरांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतील जाहिराती व व्यापारी सूची यांच्याशी तो ताडून पाहावा. शाळेतील एक वर्ग आणि गावचे ग्रंथालय एवढ्यावरही हे साधण्याजोगे आहे. संग्रह कपाटात राहतो. इतिहास नोंदवहीत राहतो. दोन्ही जपले तरच काचेला वाचा फुटेल.